औषध सापडलं, पण जालन्यापर्यंत पोचायला किती वर्षं?

तुमच्याही फोनवर ती रील येऊन गेली असेल. नाकात नळी घातलेलं बाळ, मागे हळू आवाजातलं संगीत, खाली क्यूआर कोड आणि एक आकडा : १६ कोटी. आपण थांबतो, शंभर-दोनशे रुपये पाठवतो, दोन-चार ग्रुपवर फॉरवर्ड करतो आणि पुढच्या रीलवर जातो. शंभर रुपये पाठवणाऱ्याच्या मनात काही खोट नसते. मेसच्या पैशातून वाचवलेले असतात ते.

याच आजाराबद्दल ऑक्टोबर २०२५ मध्ये एक बातमी आली होती. ती मात्र फारशी कुणी फॉरवर्ड केली नाही. तिच्यात बाळाचा फोटो नव्हता. होतं ते दिल्ली हायकोर्ट, पेटंट, एक स्विस कंपनी, एक हैदराबादची कंपनी आणि एक नवी किंमत : १५,९०० रुपये. त्या एका बातमीने जेवढ्या मुलांचं आयुष्य बदलू शकतं, तेवढं दहा रील्सनी बदललं नसतं. कसं, ते जरा हिशोब करून बघू.

एका बाटलीची गोष्ट

आजाराचं नाव स्पायनल मस्क्युलर अॅट्रॉफी, थोडक्यात एसएमए. स्नायूंना 'हल' म्हणून सांगणाऱ्या मज्जारज्जूतल्या पेशी यात हळूहळू मरत जातात. बाळ मान धरत नाही, बसत नाही, पुढे गिळणं आणि श्वास घेणंही अवघड होतं. सर्वांत तीव्र प्रकारात उपचार मिळाले नाहीत तर बहुतेक मुलं दुसरा वाढदिवस बघत नाहीत. ते १६ कोटींचं इंजेक्शन, झोलजेन्स्मा, याच आजारावरचं.

याच आजारावर रिस्डिप्लाम नावाचं तोंडाने घ्यायचं औषध आहे. रोश कंपनीच्या या औषधाची एक बाटली आपल्याकडे सहा लाखांच्या आसपास मिळायची. वीस किलोच्या वरच्या मुलाला रोज ५ मिलिग्रॅम लागतं आणि बाटलीत असतं ६० मिलिग्रॅम. म्हणजे एक बाटली बारा दिवस. वर्षाला तीस-एकतीस बाटल्या. वर्षाचा खर्च पावणेदोन ते दोन कोटी, आणि औषध आयुष्यभर चालू.

नॅटको या भारतीय कंपनीला हेच औषध स्वस्तात बनवायचं होतं. रोश कोर्टात गेली. मार्च २०२५ मध्ये दिल्ली हायकोर्टाने नॅटकोला थांबवायला नकार दिला, ऑक्टोबरमध्ये खंडपीठाने तोच निर्णय कायम ठेवला आणि सुप्रीम कोर्टानेही हस्तक्षेप केला नाही. लगेच नॅटकोने १५,९०० रुपये छापील किमतीची बाटली बाजारात आणली. वर्षाचा खर्च आला पाच लाखांच्या आत.

आता यात सरकारी योजना टाकून बघा. दुर्मीळ आजारांसाठीचं राष्ट्रीय धोरण २०२१ मध्ये आलं आणि २०२२ मध्ये त्यातली मदत प्रत्येक रुग्णामागे ५० लाखांपर्यंत वाढवण्यात आली. जुन्या किमतीत ५० लाखांत आठ बाटल्या यायच्या. सव्वातीन महिने. त्यानंतर काय, हा प्रश्न आईबापांनी स्वतःलाच विचारायचा. नव्या किमतीत तेवढ्याच पैशात तीनशेच्या वर बाटल्या येतात. दहा वर्षं! सरकारने एक रुपयाही वाढवला नाही, औषधाचा रेणू तोच राहिला, बदलली ती फक्त किंमत.

म्हणून हा प्रश्न विचारायला हवा. वैद्यकीय संशोधन हळू चालतं, असं आपण नेहमी म्हणतो. पण नेमकं काय हळू चालतं? प्रयोगशाळा, की प्रयोगशाळेपासून आपल्या गावापर्यंतचा रस्ता?

पहिला उशीर : जो सोसावाच लागतो

बियाण्याच्या गावातल्या पोरांना संशोधनाचा वेग वेगळा समजावून सांगायला नको. १९६४ मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी जालन्यात महिको सुरू केली, पुढे १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. एखादं नवं वाण शेतकऱ्याच्या हातात यायला आठ-दहा वर्षं सहज जातात, हे इथल्या कुठल्याही बियाणे कंपनीत काम करणारा माणूस सांगेल. संकर करा, पेरा, वाट बघा, नव्वद टक्के फेकून द्या, उरलेलं पुन्हा पेरा. पीक घाईने येत नाही.

औषधाचंही तसंच, फक्त शेताच्या जागी माणूस असतो. एसएमए आजाराचं पहिलं वर्णन झालं १८९१ मध्ये. त्याला कारणीभूत असलेलं जनुक सापडलं १९९५ मध्ये. पहिलं औषध मान्य झालं २०१६ च्या डिसेंबरात. जनुक सापडल्यापासूनही एकवीस वर्षं गेली.

रिस्डिप्लामची गोष्ट तर संस्थांनी ऐकण्यासारखी आहे. २००३ मध्ये अमेरिकेत एसएमए असलेल्या मुलीच्या आईवडिलांनी एक फाउंडेशन काढलं. त्यांनी हॉस्पिटल बांधलं नाही की फळं वाटली नाहीत. २००६ पासून एका छोट्या औषध कंपनीबरोबर त्यांनी रेणू शोधायचं काम हाती घेतलं. २०११ मध्ये रोश त्यात आली. २०२० मध्ये अमेरिकेत औषधाला मान्यता मिळाली, २०२१ मध्ये भारतात. म्हणजे पालकांच्या एका संस्थेने लावलेलं रोप सतरा वर्षांनी फळाला आलं. तोवर त्यांना देणगीदारांना दरवर्षी हेच सांगावं लागलं असणार, की अजून हातात काही नाही, पण थांबू नका.

काही आजारांत एवढ्यानेही भागत नाही. ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी, म्हणजे डीएमडी, हा मुख्यतः मुलग्यांना होणारा स्नायूंचा आजार. दहा-बारा वर्षांच्या सुमारास मुलगा व्हीलचेअरवर येतो, पुढे हृदय आणि श्वासाचे स्नायूही थकतात. याचं जनुक १९८६ मध्ये सापडलं. आज चाळीस वर्षं होत आली, तरी आजार बरा करणारं औषध नाही. कारण? हे माणसाच्या शरीरातलं सर्वांत मोठं जनुक आहे. जनुकोपचारात निरोगी जनुक एका निरुपद्रवी विषाणूत भरून शरीरात पाठवतात. पण तो विषाणू म्हणजे छोटा हत्ती टेम्पो, आणि हे जनुक म्हणजे रोलिंग मिलचं अख्खं यंत्र. मावतच नाही. शास्त्रज्ञांनी यंत्राचे जरुरीपुरते भाग सुटे करून टेम्पोत बसवले. अमेरिकेत २०२३ मध्ये अशा उपचाराला मान्यताही मिळाली. किंमत ३२ लाख डॉलर. २०२५ मध्ये हा उपचार घेतलेल्या दोन मुलांचा यकृत निकामी होऊन मृत्यू झाला आणि चालू न शकणाऱ्या मुलांना तो देणं थांबवावं लागलं.

'मग एवढ्या चाचण्या, एवढे कागद कशाला, लवकर द्या ना औषध' असं म्हणणाऱ्यांनी थॅलिडोमाइडची गोष्ट वाचावी. १९५७ मध्ये जर्मनीत हे औषध बाजारात आलं. झोपेसाठी, मळमळीसाठी, गरोदर बायकांनाही दिलं गेलं. १९६१ च्या अखेरीस ते मागे घेईपर्यंत जगभरात दहा हजारांहून जास्त मुलं हातपाय अर्धवट असलेली जन्माला आली होती. अमेरिकेत ही लाट फारशी पोचली नाही, कारण फ्रान्सिस केल्सी नावाच्या एका सरकारी अधिकारी बाईने कंपनीच्या कागदांवर सही करायला नकार दिला. पुरावा आणा, मग बघू, हे तिचं उत्तर. कंपनीच्या दृष्टीने ती कामात खोडा घालत होती. आज औषधांच्या चाचण्यांचे जे कडक नियम आहेत, ते या मुलांच्या बदल्यात आलेले आहेत.

माणसांवरच्या चाचण्यांपर्यंत पोचलेल्या दर दहा औषधांपैकी साधारण नऊ शेवटपर्यंत टिकत नाहीत. हा उशीर सोसावा लागतो. तो कमी करायचा तर पैसा आणि माणसं जास्त लावावी लागतात, आणि आपला देश संशोधनावर जीडीपीच्या जेमतेम ०.६४ टक्के खर्च करतो.

दुसरा उशीर : जो आपण चालवून घेतो

आता प्रयोगशाळेतून बाहेर येऊ आणि जालना जिल्ह्यात फिरू.

वहीच्या मागच्या पानावर करता येईल असा हिशोब आहे. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या १९ लाख ५९ हजार होती. राज्याचा जन्मदर हजारी पंधराच्या आसपास धरला तर जिल्ह्यात वर्षाला तीस हजारांच्या घरात बाळं जन्मतात. एसएमए साधारण दहा हजारांत एकाला होतो, म्हणजे वर्षाला तीन बाळं. डीएमडी साडेतीन ते पाच हजार मुलग्यांत एकाला, म्हणजे वर्षाला तीन-चार मुलगे. जन्मतः पाय आत वळलेला असण्याचं, म्हणजे क्लबफूटचं प्रमाण हजारी एकाच्या आसपास. तीस बाळं. हा अंदाज आहे, मोजणी नाही. आणि अडचण तीच आहे. खरी मोजणी देशातच नाही, हे केंद्राच्या २०२१ च्या धोरणातही मान्य केलेलं आहे. नव्या औषधाची चाचणी घ्यायची तर रुग्ण कुठे आहेत हे माहीत असावं लागतं. जो वहीत नाही, तो चाचणीत कसा येणार?

डीएमडीचंच उदाहरण घ्या. मूल तीन-चार वर्षांचं होतं. उशिरा चालायला लागलेलं असतं, सारखं पडतं, जिना चढताना कठड्याला लोंबकळतं. जमिनीवरून उठताना आधी हात जमिनीला टेकवतं, मग गुडघ्यावर, मग मांडीवर, जणू स्वतःच्याच अंगावर चढून उभं राहतं. पोटऱ्या मात्र जाडजूड, त्यामुळे आजी म्हणते, 'लेकराची तब्येत चांगलीय, नुसता आळशीपणा आहे.' शाळेत गुरुजी पीटीला मागे राहतो म्हणून ओरडतात. जमिनीवरून असं उठणाऱ्या मुलाची सीपीके ही रक्ताची तपासणी करायला हवी. काही शेकड्यांत होते. ती वेळेवर झाली, तर पुढची जनुक-चाचणी, तज्ज्ञांच्या देखरेखीखालची स्टेरॉइड्स आणि योग्य फिजिओथेरपी सुरू होते. स्टेरॉइड्स हे काही नवं, कोटींचं औषध नाही. डीएमडीत ती उपयोगी पडतात हे १९८९ पासून माहीत आहे, आणि त्यांनी चालण्याची वर्षं वाढतात. मूल नऊ वर्षांचं झाल्यावर निदान झालं, तर ती वर्षं गेलेली असतात.

आणखी एक गोष्ट घडते, ती सांगायला अवघड आहे. निदानाला उशीर होतो तेवढ्या काळात घरात दुसरा पाळणा हलतो. तोही मुलगा. त्यालाही तेच. पहिल्याचं निदान वेळेत झालं असतं तर दुसऱ्या गरोदरपणात तपासणी करता आली असती, आईबापांना निर्णय घेता आला असता. जनुक आईकडून आलं असण्याची शक्यता बरीच असते, म्हणून घरातले तिलाच बोल लावतात. जनुक काही कुणी मागून घेत नाही, हे तिला कुणी सांगत नाही.

याउलट क्लबफूटचं बघा. इथे तर नव्या शोधाची वाटच बघायची नाही. डॉ. इग्नासिओ पोन्सेटी यांनी अमेरिकेतल्या आयोवात १९४० च्या दशकाच्या अखेरीस ही पद्धत वापरायला सुरुवात केली, १९६३ मध्ये निष्कर्ष छापले. आठवड्याला एक, असे पाच-सहा प्लास्टर, टाचेच्या शिरेला छोटा छेद आणि मग काही वर्षं ब्रेस. मोठ्या ऑपरेशनची गरजच नाही. पण जगभरातल्या सर्जननी तीस वर्षं तिकडे लक्षच दिलं नाही. १९९० च्या दशकात ती पसरली, आणि पसरवण्यात इंटरनेटवर एकमेकांना शोधणाऱ्या पालकांचा मोठा हात होता. आज आपल्याकडेही सरकारी रुग्णालयांत संस्थांच्या मदतीने हे उपचार होतात.

मग तरी पाय वाकडे राहिलेली मुलं का दिसतात? एक, 'ग्रहणात विळी हातात घेतली असशील' म्हणून सुनेला बोलण्यात पहिले महिने जातात, आणि हेच महिने महत्त्वाचे असतात. दोन, ब्रेस. पहिले तीन महिने दिवसातले तेवीस तास, मग चार-पाच वर्षांचं होईपर्यंत रोज रात्री. आता अंबड, घनसावंगी, मंठा, परतूर भागातून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जाणारं कुटुंब डोळ्यांसमोर आणा. उचल घेतलेली, कोयता ठरलेला. सहा महिने फडाशेजारच्या पालावर. ब्रेस लहान झाला तर तिथे बदलून कोण देणार? पाय पुन्हा वळतो. डॉक्टरांच्या कागदावर लिहिलं जातं, 'पालकांनी काळजी घेतली नाही'.

सरकारी यंत्रणा कागदावर वाईट नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच राज्यात, पालघरला सुरू झाला. फिरती पथकं वर्षातून दोनदा अंगणवाडीत आणि एकदा शाळेत येऊन जन्मतः असलेले दोष, आजार, कमतरता आणि वाढीतला उशीर तपासतात. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतची मुलं यात येतात. पण पथक गावात आलं तेव्हा मूल फडावर असलं, तर? किंवा पथकाने चिठ्ठी दिली आणि 'घाटीला जा' म्हणून सांगितलं, पण बापाची मजुरी बुडते म्हणून चिठ्ठी पत्र्याच्या पेटीत राहिली, तर? चिठ्ठीपासून उपचारापर्यंतचं अंतर मोजणारं कुणी नाही.

दुर्मीळ आजारांसाठीचे ते ५० लाख मिळवायचे तर धोरणात नेमून दिलेल्या केंद्रात जावं लागतं. महाराष्ट्रातून त्यासाठी मुंबईचं केईएम रुग्णालय आहे. जालन्याहून वंदे भारतने मुंबई सात तासांवर आली, हे खरं. पण मान न धरणारं बाळ मांडीवर घेऊन, तारखांवर तारखा घेत महिन्यातून एकदा जाणाऱ्या बाईचं अंतर तासांत मोजता येत नाही.

देणगी कशाला मिळते?

आता संस्थांकडे वळू. ३ डिसेंबरला, जागतिक दिव्यांग दिनी, कुठल्याही विशेष शाळेत जाऊन बघा. सकाळपासून गाड्या लागतात. केळी, बिस्किटं, वह्या, एखादा केक. फोटो होतात. ४ डिसेंबरला शाळेत तीच मुलं आणि तेच प्रश्न : फिजिओथेरपिस्टला पगार कुठून द्यायचा, मुलांना आणणाऱ्या गाडीच्या डिझेलचं काय, स्पीच थेरपीला माणूस टिकत का नाही. पगारावर देणगीदाराच्या नावाची पाटी लावता येत नाही. व्हीलचेअरवर लावता येते, म्हणून व्हीलचेअरी येतात. कधी कधी मुलाच्या मापाच्या नसतात, आणि चुकीच्या मापाच्या खुर्चीत वर्षानुवर्षं बसून पाठीचा कणा वाकतो.

क्राउडफंडिंगचंही असंच होतं. २०२१ मध्ये मुंबईतल्या एका बाळासाठी लोकांनी १६ कोटी उभे केले आणि केंद्राने आयात शुल्क माफ केलं. देशभर कौतुक झालं. त्याच वर्षी पुणे परिसरातल्या एका बाळालाही लोकवर्गणीतून तेच इंजेक्शन मिळालं. दोनेक महिन्यांत ते बाळ गेलं. पैसे देणाऱ्यांची यात चूक नव्हती, आईबापांची तर नव्हतीच. पण या पद्धतीत कुठलं मूल वाचणार हे ठरतं ते फोटोवरून, वडिलांना इंग्रजीत पोस्ट लिहिता येते का यावरून, ओळखीचा नट शेअर करतो का यावरून. भोकरदन तालुक्यातल्या वाडीवरच्या बाळाची रील कोण बनवणार?

मग संस्थांनी करायचं काय? जगभरातला अनुभव बघितला तर दोन प्रकारची कामं टिकलेली दिसतात. एक, पालकांनी एकत्र येऊन संशोधनाला धक्का देणं. सिस्टिक फायब्रोसिस या आजारासाठी अमेरिकेतल्या पालकांनी १९५५ मध्ये संस्था काढली, जनुक सापडलं १९८९ मध्ये, मूळ दोषावर काम करणारं पहिलं औषध आलं २०१२ मध्ये. आपल्याकडे बेंगळुरूत डीएमडी असलेल्या मुलांच्या पालकांनी 'डार्ट' ही संशोधन संस्था काढली आहे, एसएमएच्या पालकांची 'क्युअर एसएमए इंडिया' ही संघटना आहे. दुसरं काम म्हणजे कायम चालणारी सेवा उभी करणं. नसीमा हुरजूक यांनी १९८४ मध्ये कोल्हापुरात सुरू केलेली 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' ही त्यातली एक.

आणि यासाठी कोल्हापूरलाच कशाला जायला हवं? आपल्या जालन्यात गणपती नेत्रालय आहे. इथल्याच उद्योजकांच्या पुढाकारातून उभं राहिलेलं. डोळे तपासायला मराठवाडा-विदर्भातून लोक येतात. म्हणजे जालन्याच्या पैशाला संस्था उभारता येते, हे सिद्ध झालेलं आहे. तेच मुलांच्या हातापायांसाठी का होऊ नये?

पैसा नाही, हे उत्तर अर्धंच खरं आहे. कंपनी कायदा २०१३ नुसार ठरावीक आकाराच्या वरच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करावी लागते. जालन्यात सळया बनवणारे कारखाने आहेत, बियाणे कंपन्या आहेत. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. किती गावांत या पैशाचा हिशोब ग्रामसभेत कुणी विचारतं? राज्यात डिसेंबर २०२२ पासून स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने दिव्यांगत्वाचे प्रकार सातावरून एकवीस झाले आणि त्यात मस्क्युलर डिस्ट्रॉफी, थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकल सेलही आले. पण 'पोराचे हातपाय तर धड दिसतात, कशाचं सर्टिफिकेट?' हे वाक्य ऐकून माघारी फिरलेले आईबाप अजून भेटतात.

मग आपण?

'जनजागृती करू' हे वाक्य आपण एनएसएसच्या कॅम्पमध्ये इतक्या वेळा लिहिलंय की त्याचा अर्थच गळून गेलाय. त्यापेक्षा नेमकी, छोटी कामं बघू.

एनएसएसचं शिबिर ज्या गावात असेल, तिथल्या अंगणवाडी ताईंना आणि आशाताईंना विचारा : उशिरा चालणारं, उठताना अंगावर हात टेकवणारं, पाय आत वळलेलं मूल आहे का? त्याला आधी चिठ्ठी मिळाली होती का? मिळाली असेल, तर पुढे काय झालं? निदान करणं आपलं काम नाही, डॉक्टरांचं आहे. त्या चिठ्ठीचा पाठपुरावा मात्र बी.ए.च्या पहिल्या वर्षाचा मुलगाही करू शकतो. या मुलांची नावं आणि फोटो ग्रुपवर टाकायचे नाहीत, हे वेगळं सांगायला नको.

स्वावलंबन पोर्टलवर दिव्यांगत्वाच्या यूडीआयडी कार्डाचा अर्ज भरता येतो. ज्या घरात कुणाला फॉर्म भरता येत नाही, तिथे तुमचा अर्धा तास म्हणजे एका मुलाची पेन्शन, बसची सवलत आणि शाळेतला हक्क. दिव्यांगांचं मासिक अर्थसहाय्य २०२५ मध्ये दीड हजारावरून अडीच हजार झालं, पण त्यासाठी आधी हातात कागद हवा.

फार्मसीला, बायोटेकला असाल तर पेटंटचा तास झोपून काढू नका. १५,९०० चा आकडा कुठल्या प्रयोगशाळेतून आला नाही, तो पेटंटच्या वादातून आला. कायदा शिकणाऱ्यांनाही हेच सांगणं आहे.

आणि पुढच्या वेळी ती रील आली, तर शंभर रुपये जरूर पाठवा. फक्त पाठवण्याआधी रुग्णालयाच्या खात्यात पैसे जातात का ते बघा. शिवाय दर महिन्याला पन्नास रुपये जवळच्या एखाद्या विशेष शाळेला देता येतात का, तेही बघा. वर्गातले चाळीस जण मिळून महिन्याला दोन हजार होतात. एकदाच आलेल्या केकपेक्षा दर महिन्याला येणाऱ्या दोन हजारांवर संस्थेला जास्त विसंबता येतं.

जालन्याच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाची पहिली बॅच २०२४ मध्ये भरली. साडेचार वर्षं शिक्षण आणि एक वर्ष इंटर्नशिप धरली, तर ही मुलं २०३० च्या सुमारास डॉक्टर होतील. डीएमडीचं टेम्पोत मावणारं जनुक तोवर तयार होईल का, हे आज कुणीच सांगू शकत नाही. पण आज मंठ्यात जन्मलेला एखादा मुलगा तेव्हा चार-पाच वर्षांचा असेल. जमिनीवरून उठताना तो मांडीवर हात टेकवत असेल, तर ते त्याच जिल्ह्यातल्या कुणीतरी वेळेत ओळखायला हवं. त्यासाठी कुठल्याही नव्या शोधाची वाट बघावी लागणार नाही.